ओळखीच्या खुणांचा रकाना

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुझं कार्ड पोचलं. गुडघा दुखतो असं लिहितेस, पण सांगितलेला व्यायाम करतेस की नाही ते लिहीत नाहीस, म्हणजे करत नाहीस. गुडघ्याची वाटी झिजली की परत भरून येत नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही, झिजलेल्या वाट्या हातात घेऊन पाहिल्या आहेत.

बातमी मोठी आहे म्हणून कार्ड न घेता फुलस्केप घेतलाय. ३१ मेला मी निवृत्त होतो हे तुला माहीत आहे. त्याआधी ३० एप्रिलला कॉलेज आम्हा तिघांचा सत्कार करणार आहे. औषधशास्त्राचे सर, मुलींच्या वसतिगृहाच्या मावशी आणि मी. शवविच्छेदन विभागाच्या परिचराला स्टेजवर बसवायची कॉलेजची ही पहिलीच वेळ. आजवर आमचे लोक मागच्या दाराने आले आणि मागच्या दाराने गेले.

समितीने प्रत्येकाकडून मानपत्रासाठी अर्धं पान माहिती मागितली होती. मी अकरा पानं दिली. कारकून म्हणाला, "अहो, मानपत्र लिहायचंय, कादंबरी नाही." मी म्हटलं, "एकतीस वर्षांची अकरा पानं. एका पानात जवळजवळ तीन वर्षं कोंबली आहेत, अजून किती आवळू?" पानं ठेवून घेतली.

ताई, नववीतून शाळा सुटलेला माणूस मी. मुलांनी टाकून दिलेल्या पुस्तकांवरून दोनशे सहा हाडं शिकलो. आज नवे लेक्चरर मनगटाचं वाटाण्याएवढं हाड डाव्याचं उजव्यात ठेवतात आणि मी काही न बोलता ते बदलतो. देह आला की तो टिकवायचा, नोंदवहीत चढवायचा, मुलांसाठी टेबलावर मांडायचा, आणि वर्ष संपलं की हाडं स्वच्छ करायची. हे काम कुणी शिकवत नाही. शिकावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. आमचा एकशे चौऱ्याहत्तर नंबरचा सांगाडा आठवतो का? मी मागे लिहिलं होतं. एकवीस वर्षांपूर्वी मी एकट्याने जोडलेला. पितळी तार हाडांच्या आतून नेलेली, बाहेरून एक टाका दिसत नाही. मणक्यांमध्ये नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या चकत्या, प्रत्येक वेगळ्या जाडीची, मोजून कापलेली. बाहेरगावचे परीक्षक येतात ते आधी त्याच्यापाशी थांबतात. तो आता विभागातून संग्रहालयात जाणार, काचेच्या कपाटात, आणि खाली पितळी पाटीवर माझं नाव. आमच्या विभागप्रमुख, मोठ्या बाई, त्यांनीच सुचवलं.

एवढंच कळवायचं होतं. व्यायाम कर.

तुझा भाऊ

१५ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सांगाड्याचं एवढं कौतुक, लग्न केलं असतं तर बायकोचं किती केलं असतं! मी म्हटलं, बायकोच्या मणक्यात चकत्या घालता येत नाहीत ना, म्हणून नाही केलं. हसून हसून तिची कॉफी सांडली.

पण खरं सांगू, डोळ्यांत पाणी आलं रे. आई असती तर तिने तुझी अकराच्या अकरा पानं पाठ केली असती.

मी येणार. शिवणकेंद्रात आत्ताच सांगून ठेवलंय, २९, ३० आणि १ अशी तीन दिवसांची रजा. तुझं काम मी कधी पाहिलंच नाही. एकतीस वर्षं तू पत्रांतून वर्णनं पाठवतोस आणि मी मनाने एक खोली बांधलीय, तिच्यात टेबलं मांडलीत, पण ती बहुतेक सगळी चुकीची असणार. तुझा तो एकशे चौऱ्याहत्तर मला बघायचाच आहे. तुझा पोरगाच तो.

घराचं तेवढं बघावं लागेल. बावीस वर्षांत मी एक रात्र हे घर बंद ठेवलेलं नाही, तुला ठाऊक आहे. हे आले आणि दाराला कुलूप बघून परत फिरले तर? हसू नकोस. शेजारीण म्हणाली ती तीन दिवस माझ्याकडे झोपेल. ह्यांचा फोटो तिला दाखवून ठेवलाय. वय वाढलेलं धरून बघ म्हटलं.

नवा शर्ट शिवते तुला. जुनं माप आहे माझ्याकडे, पण पोट वाढलं असेल तर खरं कळव.

ताई

२२ फेब्रुवारी

ताई,

शर्टाचं माप तेच.

येण्याबद्दल. मी नीट विचार केला. एप्रिलअखेर उन्हाचा कहर असतो. चौदा तासांचा प्रवास, तुझा गुडघा. विभागात औषधाचा वास इतका उग्र असतो की नव्या माणसाचे डोळे चुरचुरतात, तुला दम्याचा त्रास आहे. शिवाय सभागृहात खुर्च्या मोजक्या आणि नातेवाइकांना बोलावण्याची पद्धत नाही. मी मानपत्राची प्रत पाठवीन, फोटोही पाठवीन. संग्रहालयात तसं बघण्यासारखं काही नसतं. हाडंच ती.

रजा फुकट घालवू नकोस.

तुझा भाऊ

६ मार्च

बारक्या,

मला दमा कधी होता? दमा आईला होता. एवढा काटेकोर माणूस तू, आणि दुखणं कुणाचं कुणाला लावतोस.

दोन दिवस विचार केला आणि कारण सापडलं. तुला माझी लाज वाटते. तिथे कुणी विचारलं, ताईंचे मिस्टर काय करतात, तर तू काय सांगणार? पळून गेले म्हणून? की तू केव्हाच सगळ्यांना सांगून मोकळा झालास, ताई विधवा आहे म्हणून?

मी काय आहे ते मलाच सांगता येत नाही. दवाखान्यातल्या त्या कंपाउंडरने मला लग्नाचं विचारलं होतं, ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती तेव्हा. चांगला माणूस होता, तूच म्हणाला होतास. मी नाही म्हटलं. कारण हे घर सोडून गेले त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडले होते, की जा, परत तोंड दाखवू नका. एवढं बोललेल्या बाईने निदान दार तरी उघडं ठेवावं ना? ते आले की एकदाच म्हणायचं होतं, मी तसं म्हणायला नको होतं. बाकी त्यांनी मग राहावं की जावं.

आणि नातेवाइकांना बोलवत नाहीत म्हणतोस, तर हे काय? काल तुमच्या मोठ्या बाईंची छापील पत्रिका आली, खाली शाईने चार ओळी. 'आपले बंधू आमच्या विभागाचा कणा आहेत. त्यांची नोंदवही आम्ही संग्रहालयात टेबलावर ठेवणार आहोत, एकशे चौऱ्याहत्तरच्या पानावर उघडून. नव्या पिढीने नोंद कशी ठेवावी ते पाहावं. आपण अवश्य या.'

बघ, परक्या बाईला कळतं. मी येणार. लाज वाटत असेल तर ओळख दाखवू नकोस, मागे बसेन.

ताई

१९ मार्च

ताई,

हे पत्र बसून वाच. शेजारणीसमोर वाचू नकोस.

तू नोंदवहीचं पान बघणार म्हणून लिहितोय. तू येणार नसतीस तर लिहिलं नसतं, हेही खरं आहे आणि तेही लिहून ठेवतो.

एकशे चौऱ्याहत्तर नंबरचा देह बावीस वर्षांपूर्वी ११ नोव्हेंबरला, मंगळवारी, सरकारी रुग्णालयातून आला. रस्त्याकडेला पडलेला माणूस कुणीतरी भरती केला होता. न्यूमोनिया. चौथ्या दिवशी गेला. खिशात कागद नाही, शुद्ध नाही, मुदतीत कुणी आलं नाही. बेवारस म्हणून आमच्याकडे. गाडीबरोबर मीच गेलो होतो. कागदावर सही केली आणि मग कापड बाजूला केलं.

भाऊजी होते.

दाढी वाढलेली, वजन निम्मं. पण मला ओळखायला तीन सेकंदही लागले नाहीत. उजव्या हातावर तुझं नाव गोंदलेलं.

ड्रायव्हर विचारत होता, "काय झालं, थांबलात का?" मी म्हटलं, "काही नाही, उचल."

का, ते सांगतो. तुला वाचवायला, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. ताईला आशा तरी राहील, बेवारस मरण ऐकण्यापेक्षा. ते खोटं आहे. तुमच्या घरी त्या वर्षी पाहुणे जमले होते, मला नोकरीत कायम केल्याचं मी सांगितलं, तेव्हा भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "हात धुतलेस का रे मढ्यांचे, की तसाच बसलास जेवायला?" सगळे हसले. तूही हसलीस. ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. आणि गाडीत मला वाटलं, आता मी 'हे माझे भाऊजी' म्हटलं तर उद्या सगळा विभाग म्हणेल, ह्याच्या घरचा माणूस बेवारस मेला. नुकता कुठे मला मान मिळायला लागला होता. मी एक दिवस थांबलो. मग दुसरा. एकदा देह टिकवायचं औषध भरलं की त्यानंतर बोलायचं कसं? आधी का नाही बोललास, हा प्रश्न आलाच असता.

नोंदवहीत सात रकाने असतात. सहावा ओळखीच्या खुणांचा, सातवा नावाचा. माझ्या हातून रिकामा रकाना सुटत नाही. सहाव्यात मी सगळं लिहिलं. कानामागचा जुना व्रण, दोन दाढा नसलेल्या, उजव्या हातावर गोंदण. गोंदलेलं तुझं नाव जसंच्या तसं लिहिलं. आणि सातव्यात लिहिलं, 'अनोळखी'. दोन्ही एकाच ओळीत, एकाच शाईने. ते नाव माझ्या बहिणीचं हे आमच्याकडे कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणून बावीस वर्षं ते कुणाला दिसलं नाही. तू पान बघितलंस की तुला दिसेल.

पुढच्या वर्षी वर्ग संपल्यावर हाडं मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिली नाहीत. नीट जोडली. याला तू काय म्हणशील मला माहीत नाही. पहिल्या पत्रात मी त्यांच्याबद्दल बढाई मारली तेव्हा, खरं सांगतो, मला भाऊजी आठवलेच नाहीत. काम आठवलं.

माफी मागत नाही. ती मागायची लायकी राहिली नाही. तू काय सांगशील ते करीन.

भाऊ

२ मे

ताई,

सहा आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. दोन कार्डं पाठवली, तीही गिळलीस. मी समजू शकतो.

परवा सत्कार झाला. आधी मोठ्या बाईंना दोनदा म्हणालो, नोंदवही ठेवू नका, कपाटही राहू द्या. त्या म्हणाल्या, "इतका संकोच बरा नव्हे." जास्त बोललो असतो तर कारण विचारलं असतं.

मानपत्र त्यांनीच वाचलं. माझ्या अकरा पानांचं दीड केलं होतं. त्यात वाक्य होतं, 'यांच्या नोंदवहीत एकतीस वर्षांत एकही खाडाखोड नाही आणि एकही रकाना रिकामा नाही.' टाळ्या वाजल्या. वसतिगृहाच्या मावशी शेजारून म्हणाल्या, "उठा की, वाकून नमस्कार करा, दगडासारखे काय बसलात!"

मग माईक माझ्या हातात दिला. मी ठरवून आलो होतो, सगळ्यांसमोर सांगायचं. पहिलं वाक्य पाठ केलेलं होतं. समोर चारशे माणसं. आणि मी नमद्याच्या चकत्यांची जाडी कशी काढायची यावर बोललो. चार मिनिटं. पुष्पगुच्छ घेतला आणि खाली उतरलो.

रांगा शोधल्या. तू नव्हतीस. बरं वाटलं, हेही लिहितो.

भाऊ

९ मे

मी आले होते.

सभागृहात नाही. तुमचं सगळं कॉलेज तिकडे टाळ्या वाजवत होतं तेव्हा मी संग्रहालयात होते. दारावरच्या बाईला पत्रिका दाखवली. ती म्हणाली, "मावशी, कार्यक्रम तिकडे आहे." म्हटलं, मला आधी हेच बघायचंय. तिने स्टूल दिलं.

तुझ्या पत्रावर माझा विश्वास बसला नव्हता. वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं ह्याचं. ज्याला आईचा दमा आठवत नाही त्याला माणूस काय आठवणार?

तार दिसत नाही, तू खरं लिहिलंस. कपाटाला अजून काच लावायची होती. माझ्या पर्समध्ये टेप असतो, कामाचा. ह्यांचे सगळे शर्ट मीच शिवायचे. लहानपणी झाडावरून पडले होते, तेव्हापासून त्यांची डावी बाही अर्धा इंच आखूड कापावी लागायची. दुकानातला शर्ट कधी बसला नाही त्यांना. मी खांद्याच्या टोकापासून मनगटापर्यंत टेप लावला. उजवीकडे साडेतेवीस. डावीकडे तेवीस.

पुन्हा एकदा मोजलं. मग मनगट धरलं. बाई म्हणाली, "हात नका लावू." मी म्हटलं, झालंच.

नोंदवही पण वाचली. अक्षर छान आहे तुझं.

रडले नाही. गाडीत बसल्यावर एवढंच आठवत होतं, की कंपाउंडरला मी नाही म्हटलं तेव्हा ह्यांना तू उभं करून पाच वर्षं झाली होती. आणि त्या दिवशी तू मला म्हणालास, "ताई, तुझा निर्णय, मी काय सांगू?"

आता ऐक. हाडं मला नकोत. मुलं शिकतात त्यांच्यावर, शिकू देत. मला त्या सातव्या रकान्यात ह्यांचं नाव हवंय. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तुझ्या हाताने, 'अनोळखी' खोडून. आणि ते का खोडलं हे मोठ्या बाईंना तुझ्या तोंडाने सांगून. मग कॉलेजच्या कागदावर मला पत्र पाठव, की हा माणूस ह्या तारखेला गेला. तो कागद हातात आला की मी विधवा होईन. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पण निदान काहीतरी होईन.

३१ मेच्या आत. त्यानंतर ती वही तुझी नाही.

ताई

२ जून

ताई,

झालं नाही. कारणं आहेत आणि ती सगळी खोटी आहेत, पण क्रमाने लिहितो. दहा ते अठरा प्रात्यक्षिक परीक्षा. मग मोठ्या बाई रजेवर. त्या पंचवीसला आल्या. पंचवीस ते एकतीस मी रोज त्यांच्या दारापर्यंत गेलो. एकदा आतही गेलो. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "काय म्हणताय?" मी म्हटलं, "टाकीची झडप गळतेय." त्यांनी लगेच तक्रार लिहून घेतली.

एकतीसला सगळ्यांनी मिळून फोटो काढला. मला वाटलं, एवढा एक दिवस फाटकातून ताठ मानेने बाहेर पडावं आणि उद्या येऊन सांगावं. काल गेलो. वही कपाटात. माझ्या जागी आलेली मुलगी म्हणाली, "माफ करा काका, बाहेरच्या माणसाला वही देता येत नाही. बाई दौऱ्यावर आहेत, पंधरवड्याने येतील." तिचं बरोबर आहे. तो नियम मीच केला.

मला पंधरा दिवस दे. बावीस वर्षं गेली, पंधरा दिवस आणखी.

भाऊ

१४ जून

पंधरा दिवस दिले नाहीत.

तुझं १९ मार्चचं पत्र घेऊन मी थेट प्राचार्यांकडे गेले. मोठ्या बाईंना दौऱ्यावरून बोलावून घेतलं त्यांनी. वेगळा पुरावा लागला नाही. नोंदवही आणि पत्र शेजारी शेजारी ठेवलं, अक्षर तेच. बाई म्हणाल्या, "ते माझ्याकडे आले होते, मी चहा दिला त्यांना."

नाव नव्या मुलीने लिहिलं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. तिचं अक्षर तुझ्याइतकं चांगलं नाही. तुझ्यावर काय करायचं ते समिती ठरवणार आहे. मला विचारलं होतं, मी म्हटलं, मला त्यात पडायचं नाही.

कागद मिळाला. मृत्यूनंतर देह मिळाल्याची तारीख, ११ नोव्हेंबर, मंगळवार. परत येताना गाडीत तो कागद मांडीवर घेऊन मी त्या आठवड्यात काय करत होते ते आठवत बसले. आणि आठवलं.

त्या मंगळवारनंतरच्या रविवारी तू माझ्याकडे आला होतास. मुद्दाम, ताईची चौकशी करायला म्हणून. ओट्यावरचा बल्ब गेला होता, तो स्टुलावर चढून बदलून दिलास. मी म्हटलं, आता जेवूनच जा. तू हात धुतलेस, साबण लावून, दोनदा. मी हसलेसुद्धा.

पत्रात तू एवढं सगळं बारकाईने लिहिलंस. व्रण लिहिलास, दाढा लिहिल्यास, ड्रायव्हर काय बोलला ते लिहिलंस. हे नाही लिहिलंस.

पानावर बसल्यावर मी तुला विचारलं, "ह्यांचं काही कळलं का रे?" तू मान हलवलीस, नाही म्हणून. मग म्हणालास, "थोडं अजून वाढ." आणि मी वाढलं.